फाईलमधलं गाणं कुणाचं हे सॉफ्टवेअरला कसं कळतं, आणि सप्ताहातलं भजन का कळत नाही

चवथ म्हणजे गणेशचतुर्थी जवळ आली की आमच्या गोव्यात पेनड्राईव्ह फिरायला लागतात. घुमट आरत्या, गेल्या सप्ताहातली भजनं, कुणाच्यातरी काकांच्या कॅसेटीवरून उतरवलेली नाट्यगीतं, मधेच चार कोंकणी कांतारां आणि हिंदी सिनेमाची गाणी तर असतातच, सगळं एकाच फोल्डरात कोंबलेलं. गाडीत लावलं की स्क्रीनवर 'ट्रॅक ०७', 'अननोन आर्टिस्ट', नाहीतर नुसते चौकोन. मग ग्रुपवर कोणतरी सांगतं, अरे सॉफ्टवेअर आहे की, फोल्डर दाखवला की आपोआप नावं लावून देतं.

लावतं, खरंच लावतं. पण हिंदी गाणी पाच मिनिटांत चकाचक होतात आणि भजन होतं तसंच पडून राहतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याला भलत्याच माणसाचं नाव चिकटतं. असं का होतं हे कळायला असलं सॉफ्टवेअर आतून कसं बांधतात ते थोडं बघावं लागतं. गणित सोडलं तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

नाव ठेवतात कुठे?

फाईलचं नाव वेगळं आणि टॅग वेगळा, इथूनच गोंधळ सुरू होतो. टॅग म्हणजे गाण्याच्या फाईलच्या आतच लिहून ठेवलेली माहिती, म्हणजे शीर्षक, गायक, अल्बम, वर्ष वगैरे. तुम्ही फाईलचं नाव बदललंत तरी टॅग हलत नाही, आणि गाडीचा स्टिरिओ बहुतेक वेळा टॅगच वाचतो.

एमपी३ बनवणाऱ्यांनी अशी जागाच ठेवलेली नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प या माणसानं साधा जुगाड काढला, फाईलच्या शेपटीला १२८ बाईटचा तुकडा जोडायचा. खूण म्हणून ३ बाईट, शीर्षकाला ३०, गायकाला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीताच्या प्रकाराला फक्त १. यालाच आयडी३ म्हणतात.

रोमी लिपीत ३० बाईट म्हणजे ३० अक्षरं, चाललं असतं. देवनागरीचं काय? अक्षरं साठवायला आज सगळीकडे वापरतात त्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाईट खातं, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'नाट्यसंगीत' हा एकच शब्द घ्या. न, काना, ट, हलन्त, य, स, अनुस्वार, ग, वेलांटी, त. दहा चिन्हं, ३० बाईट, जागा संपली. पदाचं नाव लिहायला काही उरलंच नाही.

१९९८ मध्ये या टॅगची दुसरी आवृत्ती आली, ती फाईलच्या सुरुवातीला बसते आणि जागेची चिंता संपली. तिच्यातही पोटआवृत्त्या आहेत, २.३ मध्ये देवनागरी लिहायची तर यूटीएफ-१६ वापरावं लागतं, यूटीएफ-८ ची सोय २.४ मध्ये म्हणजे २००० साली झाली. बऱ्याच जुन्या स्टिरिओंना २.३ नीट पचतं आणि २.४ पुढे ते गडबडतात, त्यामुळे गाडीसाठी करत असाल तर सेटिंगमध्ये २.३ आणि यूटीएफ-१६ निवडा.

आणि स्क्रीनवर नेमका काय कचरा दिसतोय तेही बघा, त्यावरून दुखणं कळतं. रिकामे चौकोन असतील तर टॅग बहुधा बरोबर आहे, स्टिरिओकडे देवनागरी फॉन्टच नाही, त्याला तुम्ही-आम्ही काही करू शकत नाही, रोमीत लिहा आणि विषय संपवा. पण डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमी ए, त्यामागे चलनाची नाहीतर जपानी येनची खूण, मग काहीतरी, परत तोच ए, असं दिसत असेल तर देवनागरीचे बाईट युरोपातल्या लिपीचे समजून वाचले जातायत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये त्याच एका बाईटनं सुरू होतं म्हणून तो ए दर तिसऱ्या जागी येतो. ही भानगड मात्र दुरुस्त होते, मूळ मजकूर शाबूत असतो.

मशीन गाणं 'ऐकतं' म्हणजे काय करतं?

सुरुवातीला ऐकतच नव्हतं. ऑडिओ सीडीचं मूळ स्टँडर्ड बनलं त्यात गाण्यांची नावं ठेवायची सोयच नव्हती. १९९० च्या दशकात सीडीडीबी नावाची यादी आली, तिची युक्ती अशी की सीडीवर कुठलं गाणं कुठे सुरू होतं ते आकडे मिळून त्या सीडीची ओळख होते. तुम्ही सीडी घातली, कॉम्प्युटरनं आकडे यादीत शोधले, नावं आली. लोकांना जादू वाटायची, पण जगात कुठेतरी कुणीतरी तीच सीडी आधी घालून नावं हातानं टाईप केलेली असायची. हे लक्षात ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहे. लोकांनी फुकट टाईप केलेली ती यादी पुढे कंपनीची मालमत्ता झाली, त्या रागातून मोकळ्या याद्या निघाल्या, त्यातली रॉबर्ट के यानं २००० च्या सुमाराला सुरू केलेली म्युझिकब्रेन्झ आजही जोरात चालू आहे.

सुटी एमपी३ फाईल आली आणि आकड्यांची युक्ती बाद झाली. मग ध्वनीचा ठसा काढायची पद्धत आली. ठसा म्हणजे गाण्याच्या आवाजावरून काढलेली छोटी आकड्यांची रांग, जी फाईल लहान केली, फॉरमॅट बदलला, आवाज कमी-जास्त केला तरी जवळजवळ तशीच राहते.

क्रोमाप्रिंट नावाचा मोफत प्रोग्राम हे करतो, त्याचं काम पेटी वाजवणाऱ्याला चटकन समजेल. आधी तो आवाज हलका करून घेतो, सेकंदाला ४४,१०० नमुन्यांऐवजी ११,०२५. मग सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा मोठा तुकडा घेऊन त्यात कुठला सूर किती जोरात आहे ते मोजतो. मंद्र, मध्य, तार सगळी सप्तकं एकमेकांवर दुमडून टाकतो, त्यामुळे उरतात फक्त बारा खाने, सात शुद्ध, चार कोमल आणि एक तीव्र मध्यम. (अर्थात त्याला सा कुठला ते माहीत नसतं, त्याच्या लेखी पेटीवरची पांढरी एक म्हणजे पांढरी एक.) तुकडा थोडाथोडा पुढे सरकवत सेकंदाला साधारण आठ वेळा हेच करतो, आणि हे बारा खाने काळाबरोबर कसे बदलले त्यावरून प्रत्येक वेळी एक आकडा लिहितो. पहिल्या दोन मिनिटांचा ठसा जेमतेम चार केबीचा होतो. दोन फाईलींचे ठसे शेजारी ठेवले की किती बिट, म्हणजे आकड्यांतले शून्य-एक, वेगळे ते मोजायचं. संबंध नसलेल्या गाण्यांत निम्म्याच्या आसपास बिट वेगळे निघतात, एकाच रेकॉर्डिंगच्या दोन कॉप्यांत फारच थोडे.

फोनवर ऐकवलेलं गाणं ओळखणाऱ्या शझॅमचं गणित वेगळं आहे. त्याला पूर्ण फाईल मिळत नाही, हॉटेलातल्या गोंगाटात धरलेले दहा सेकंद मिळतात. २००२ मध्ये इंग्लंडात ते सुरू झालं तेव्हा तर २५८० नंबर फिरवून फोन स्पीकरसमोर धरायचा, मग एसएमएसनं नाव यायचं. शझॅमच्या संस्थापकांपैकी एक एव्हरी वँग यांनी २००३ मध्ये त्यामागची पद्धत छापली. गाण्यातल्या फक्त सगळ्यात ठळक जागा घ्यायच्या आणि त्यांच्या जोड्या लावायच्या, हा सूर आणि तो सूर आणि दोघांमधलं वेळेचं अंतर. रात्री समुद्रातून मालीम जेटीकडे परतणारा ट्रॉलरवाला किनारा असाच ओळखतो, आग्वादचा दिवा इथे, काबोचे दिवे तिथे, दोघांत एवढं अंतर, म्हणजे आपण मांडवीच्या तोंडाशी, धुक्यानं निम्मे दिवे गिळले तरी दोन-तीन जोड्या जुळल्या की काम झालं. म्हणून मागे ग्लासं वाजत असली तरी शझॅमला गाणं सापडतं.

टॅग लावणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र अख्खी फाईल हाताशी असते, त्यामुळे क्रोमाप्रिंटसारखा स्वस्त ठसा पुरतो. त्याची एक खोड आहे, तो सुरुवातीपासून मोजतो, म्हणून कुणी सुरुवातीचा तानपुरा बराचसा कापला किंवा पुढे लांबलचक निवेदन जोडलं तर तेच गाणं परकं वाटू शकतं.

मग तेच पद दुसऱ्यानं गायलं तर?

नाही ओळखणार. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून जरा थांबूया.

ठसा रेकॉर्डिंगचा असतो, पदाचा नसतो. एकच अभंग एका बुवांनी काळी एकमध्ये म्हटला आणि दुसऱ्यांनी काळी चारमध्ये, तर बारा खान्यांपैकी भरलेले खानेच वेगळे. त्याच बुवांनी त्याच पट्टीत दुसऱ्या दिवशी म्हटला तरी लय थोडी इकडेतिकडे, आलाप वेगळा, ठसा वेगळा. सिनेमाच्या गाण्याचं बरं असतं, ते एकदा रेकॉर्ड होतं आणि त्याच्याच लाखो कॉप्या फिरतात. आपल्याकडचं बरंचसं संगीत दर वेळी नव्यानं जन्माला येतं, आणि मशीन तिथे मुळातच आंधळं आहे.

कॅसेटीचा ताप आणखी वेगळा. पावसाळ्यात कपाटात राहून पट्टीला बुरशी, रबरी पट्टा सैल, मोटर हळू नाहीतर जोरात. वेग सहा टक्क्यांनी वाढला की पांढरी एकमधलं गाणं काळी एकमध्ये वाजतं. कानाला एवढं खटकत नाही, कधीकधी कळतही नाही, पण ठशात सगळे सूर शेजारच्या खान्यात जाऊन बसतात आणि जुळणी होत नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या चुकीच्या वेगानं उतरवल्या असतील तर तेच. असली फाईल सापडत नसेल तर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मोफत प्रोग्रामात वेग दोन-चार टक्के खालीवर करून परत ठसा काढून बघा, बऱ्याचदा पटकन सापडते.

नाव येतं कुठून?

ठशात नाव नसतं, नुसते आकडे. नाव यादीतून येतं. अकूस्टआयडी नावाची सेवा ठसे साठवते, ठसा पाठवला की ती सांगते की हे म्युझिकब्रेन्झमधलं अमुक नंबरचं रेकॉर्डिंग आहे आणि मला एवढी खात्री आहे. मग म्युझिकब्रेन्झकडून त्या नंबरचं शीर्षक, गायक, अल्बम आणायचं. पिकार्ड आणि बीट्स हे दोन मोफत प्रोग्राम याच वाटेनं जातात, आणि पायथनमध्ये स्वतः लिहायचं झालं तर ठसा काढायला एफपीकॅल्क आणि टॅग लिहायला म्यूटाजेन, बाकी सगळा आपला व्यवहार.

म्युझिकब्रेन्झला सेकंदाला एकच प्रश्न विचारता येतो. दहा हजार गाणी असतील तर नुसते प्रश्न विचारण्यातच पावणेतीन तास जातात. 'सॉफ्टवेअर हँग झालं' म्हणून मधेच बंद करू नका, ते रांगेत उभं आहे.

नावं आणल्यावर खरी डोकेदुखी सुरू होते, स्पेलिंगची. केरीच्या केसरबाई केरकर यांचं उदाहरण घ्या, १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत पाठवलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे हे गोव्यात शाळकरी पोरांनाही माहीत असतं. नासाच्या यादीत त्यांचं नाव 'सूरश्री केसर बाई केरकर' असं आहे, पदवी पुढे आणि केसर-बाई तोडून. तुमच्या फाईलवर 'केसरबाई केरकर' जोडून, तिसऱ्या कुठेतरी नुसतं 'के. केरकर'. माणसाला एका क्षणात कळतं, मशीनला तीन वेगळ्या बाया दिसतात. दीनानाथ हे नाव रोमीत डबल ई घालूनही लिहितात आणि एका आयनंही. यासाठी सॉफ्टवेअर दोन नावांमधलं अंतर मोजतं, म्हणजे एकाचं दुसरं करायला किती अक्षरं बदलावी, काढावी, घालावी लागतील. दीनानाथच्या दोन स्पेलिंगांत ते अंतर दोन येतं, म्हणजे बहुतेक तेच. पण नाईक आणि नायक यांच्यातही अंतर फार नाही, आणि ती दोन वेगळ्या घरची माणसं असू शकतात. पंडित, बुवा, सूरश्री असल्या पदव्या आधी बाजूला काढून मग अंतर मोजलेलं बरं, आणि गायकाला एक कायमचा नंबर देऊन ठेवावा, मग नाव कसंही लिहा.

अल्बमचं तर विचारूच नका. एक गाजलेलं नाट्यगीत मूळ तबकडीवर असतं, मग कॅसेटीवर, मग 'सर्वोत्तम' छापाच्या चार सीडींवर. ठसा सगळीकडे तोच. सॉफ्टवेअरनं शेवटची सीडी पकडली की १९३० च्या दशकातल्या गाण्यावर वर्ष पडतं १९९५. एकेक फाईल सुटी न बघता अख्खा फोल्डर एकत्र बघणं हा यावरचा चांगला उपाय, बारापैकी अकरा गाणी एकाच कॅसेटीत सापडली तर बारावंही तिथलंच धरायचं.

आणि गायक कोण, संगीतकार कोण, पद कुणाचं, नाटक कुठलं? आयडी३ मध्ये संगीतकार आणि गीतकाराला वेगळे खाने आहेत, लोक भरत नाहीत एवढंच. रागाला मात्र ठरलेला खाना नाही, आपला खाना तयार करून त्याला 'राग' नाव द्यावं लागतं. म्युझिकब्रेन्झनं हिंदुस्थानी राग-तालांची नोंद करायची सोय केलीय, याबद्दल त्यांचं कौतुक.

आपोआप म्हणजे किती आपोआप?

माझं मत विचाराल तर या सॉफ्टवेअरचा सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे त्याला 'मला माहीत नाही' म्हणता येणं. ठसा कितीही चांगला असला तरी कुठेतरी रेघ ओढावी लागते, एवढी खात्री असेल तर लिही, नाहीतर विचार. रेघ खाली ओढली तर सगळ्या फाईलींना नावं मिळतात आणि त्यातली काही साफ खोटी असतात. रिकामा टॅग दिसतो तरी, खोटा टॅग दिसत नाही, तो पेनड्राईव्हवरून चार गावांत जातो आणि मग तोच खरा होऊन बसतो.

म्हणून खात्री असेल तिथे लिहायचं, संशय असेल तिथे जुनं आणि नवं शेजारी दाखवून माणसाला विचारायचं, आणि काहीच सापडलं नाही तर फाईलला हात लावायचा नाही. ठसा जुळला तरी लांबी तपासायची, साडेतीन मिनिटांची तबकडी आणि सात मिनिटांची मैफल एकच असू शकत नाही. आणि लिहायच्या आधी जुना टॅग कुठेतरी साठवून ठेवायचा, कारण आजोबांनी शेऱ्याच्या खान्यात 'म्हार्दोळ, जायांची पूजा' असं काही लिहून ठेवलेलं असतं आणि ते जगातल्या दुसऱ्या कुठल्याच यादीत नसतं.

माझी गाणी इंटरनेटवर जातात का, पोलीस येतील का?

गाणं जात नाही, ठसा आणि लांबी जाते. त्या चार केबीतून गाणं परत बनवता येत नाही. अकूस्टआयडीला तुमची फाईल विकत घेतलेली आहे की उतरवलेली, त्याच्याशी देणंघेणं नाही. यूट्यूबवर व्हिडिओ टाकल्यावर कॉपीराईटची नोटीस येते ती याच जातीच्या तंत्रानं येते, पण ती यादी वेगळी, हेतू वेगळा.

एआयला विचारलं तर?

नुसतं फाईलचं नाव देऊन विचारलंत तर तो छान वाटेल असं उत्तर देईल, आणि वर म्हटलं तसं छान वाटणारं चुकीचं उत्तर हेच इथलं दुखणं आहे. आवाज ऐकणारी मॉडेलं बरंच सांगू शकतात, पेटी आहे, पखवाज आहे, पुरुषाचा आवाज आहे, राग बहुधा हा असावा. उपयोगी आहे, पसारा लावायला तर फारच. पण वास्कोच्या सप्ताहात त्या रात्री कुठल्या मंडळाचे कोण गायले हे आवाजात नसतंच, ते ज्याला माहीत त्यानं सांगितल्याशिवाय कुठलंच मशीन काढू शकणार नाही.

मग सप्ताहातल्या भजनाचं काय?

सिनेमाचं गाणं ओळखलं जातं कारण कुणीतरी आधी त्याची नोंद केलीय. भजनाची केली नाही, एवढाच फरक. पहिली नोंद आपल्याला करावी लागेल, म्युझिकब्रेन्झवर खातं उघडून रेकॉर्डिंगची नोंद करायची, अल्बम नसला तरी सुटी नोंद चालते, मग पिकार्डमधून त्या फाईलचा ठसा त्या नोंदीला जोडून पाठवायचा. पुढे तीच फाईल फिरत फिरत पेडण्याला गेली काय किंवा काणकोणात, पिकार्ड चालवणाऱ्याला नाव मिळेल.

नवीन रेकॉर्डिंग करत असाल तर आणखी सोपं. १९०२ मध्ये कलकत्त्यात भारतातली पहिली ग्रामोफोन रेकॉर्डिंगं झाली तेव्हा गौहर जान गाणं संपताना इंग्रजीत 'माझं नाव गौहर जान' असं ठणकावून सांगायच्या, तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या लोकांना कोण गातंय ते कळावं म्हणून. बोललेला टॅगच तो, आणि शंभर वर्षांनंतरही पुसला गेलेला नाही. मंडळानंही भजन संपल्यावर गायक, पेटी, पखवाज, देऊळ आणि तारीख एवढं मोबाईलसमोर बोलून टाकावं. शेवटीच बोला, सुरुवातीला नको, कारण पुढे कुणीतरी निवेदन कापतंच आणि ठसा सुरुवातीच्या दोन मिनिटांचा असतो.

नोंद करताना ऑडिओ चढवावा लागत नाही, फक्त नावं आणि ठसा जातो, तरीही मंडळाला विचारून करा. एखाद्याला आपलं नाव यादीत नको असेल, आणि ज्याला हवं असेल त्याचं स्पेलिंग त्यालाच विचारून घेतलेलं बरं.